बीजगणितांतील अपूर्णांकांचा भागाकार : सूत्र व उपपत्ति

विद्यालयाच्या वार्षिकांत गणितावरील लेख दिसतांच कांहीं वाचक पान उलटून पुढें जातील, हें जाणूनच हा लेख लिहीत आहें. कवितेस, प्रवासवर्णनास व स्नेहसंमेलनाच्या वृत्तान्तास या पृष्ठांवर जो सहज मान मिळतो तो गणितास मिळत नाहीं. तथापि ज्या विषयाच्या गुणांवरून आईबाप आपल्या मुलांच्या बुद्धीची परीक्षा करतात, आणि ज्याच्या भीतीनें कित्येक हुशार मुलेंमुली आपल्याला हें जमणारच नाहीं असें ठरवून बसतात, त्या विषयांतील एका लहानशा कृतीविषयीं आपलें मत येथें मांडण्याचें योजिलें आहे. ती कृति म्हणजे बीजगणितांतील अपूर्णांकांचा भागाकार करणें व आलेल्या उत्तरास संक्षिप्त रूप देणें.

हा भाग शिकवितांना बहुधा एक ठराविक वाक्य सांगण्यांत येतें. "दुसरा अपूर्णांक उलटा करा, भागाकाराच्या जागीं गुणाकार मांडा, आणि वर-खालीं सारखें दिसेल तें छाटा." वाक्य आटोपशीर आहे; पाठ होण्यास सोपें आहे; आणि पुष्कळ वेळां त्यानें उत्तरहि बरोबर येतें. परंतु या वाक्याचा पूर्वार्ध खरा असून अपुरा आहे, आणि उत्तरार्ध, जसा उच्चारला जातो तसा, चुकीचाच आहे. पूर्वार्धांत कारण सांगितलेलें नाहीं. उत्तरार्धांत मर्यादा सांगितलेली नाहीं. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, विद्यार्थ्यास सूत्र देतांना त्याची उपपत्तिहि दिलीच पाहिजे. आणि ज्यास उपपत्ति सांगतां येत नाहीं त्यास तो भाग आला, असें शिक्षकांनीं, पालकांनीं व खुद्द विद्यार्थ्यानेंहि समजूं नये.

प्रथम "उलटा करा" या आज्ञेचा विचार करूं. तीन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापानें मोजावयाचें असेल तर तें माप सहा वेळां भरेल. म्हणून ३ ÷ १/२ = ६. येथें भागाकार करूनहि उत्तर मूळ संख्येपेक्षां मोठें आलें, याचें लहान मुलांस आश्चर्य वाटतें. पण माप लहान असलें कीं तें अधिक वेळां भरावें लागतें, हें घरांतील कोणासहि पटण्यासारखें आहे. आतां माप पाऊण लिटरचें घेऊं. तीन लिटरांत पाव लिटर बारा. पाऊण लिटरच्या एका मापांत असे पाव तीन. तेव्हां माप चार वेळां भरेल. आपण केलें काय? तिनांस चारांनीं गुणून पाव केले आणि मग तिनांनीं भागलें. भाजक ३/४ होता. आपण प्रत्यक्षांत ४/३ नें गुणलें. अपूर्णांक आपोआपच उलटला. तो कोणाच्या आज्ञेनें उलटला नाहीं. मोजण्याच्या क्रियेंतच तें उलटणें होतें.

हीच गोष्ट सर्वसामान्य रीतीनेंहि सांगतां येते. भाज्य व भाजक या दोहोंस एकाच संख्येनें गुणलें असतां भागाकार बदलत नाहीं. बारांस तिनांनीं भागा किंवा एकशेंवीसास तिसांनीं भागा, उत्तर चारच. आतां अ/ब यास क/ड यानें भागावयाचें आहे. दोहोंसहि ड/क यानें गुणा. भाजक क/ड × ड/क म्हणजे १ झाला, आणि एकानें भागणें म्हणजे न भागणेंच. भाज्याच्या जागीं अ/ब × ड/क उरलें. उत्तर तेंच. उपपत्ति सारी एवढीच; फळ्यावर तिला तीन ओळी पुरतात, आणि त्या तीन ओळी ज्यानें एकदां आपल्या हातानें लिहिल्या त्यास कोणता अपूर्णांक उलटावयाचा, पहिला कीं दुसरा, हा संशय पुन्हां पडत नाहीं. परीक्षेंत नेमका हाच संशय पाठांतर करणाऱ्यास घेरतो.

दुसराहि एक मार्ग आहे. दोन्ही अपूर्णांकांचे छेद सारखे करावे, म्हणजे अड/बड व बक/बड अशीं रूपें मिळतात. छेद सारखे झाल्यावर अंशास अंशानें भागलें कीं काम झालें, आणि उत्तर पुन्हां अड/बक येतें. चीन देशांतील "गणितकलेचे नऊ अध्याय" या प्राचीन ग्रंथांत छेद सारखे करून भागण्याचीच रीति दिली आहे, आणि इसवी सन २६३ मध्यें लिऊ हुई या पंडितानें त्या ग्रंथावर भाष्य लिहून त्यांतील रीतींचीं कारणें उलगडून दाखविलीं. एकाच ठिकाणीं दोन वाटांनीं पोंचतां आलें म्हणजे त्या ठिकाणाविषयीं शंका उरत नाहीं. शक्य तेथें मुलांस दोन्ही वाटा दाखवाव्या.

आपल्या देशांत अपूर्णांकांचें गणित फार जुनें आहे. ब्रह्मगुप्तानें इसवी सन ६२८ मध्यें रचिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तांत, आणि भास्कराचार्यानें ११५० मधील लीलावतींत, भाजकाच्या अंशाची व छेदाची अदलाबदल करून गुणाकार करण्याचीच रीति सांगितली आहे. भास्कराचार्य तर आपल्या जवळचा. सह्याद्रीच्या आश्रयास असलेल्या नगरांत आपलें वास्तव्य असल्याचें त्यानें स्वतः नमूद केलें आहे. आणि त्याचा नातू चांगदेव यानें तेराव्या शतकाच्या आरंभीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्याचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवजवळील पाटण येथें सांपडला आहे.

कोणी म्हणेल, "लीलावती तर श्लोकबद्ध आहे, ती पाठ करण्यासाठींच लिहिली, मग पाठांतरास दोष कां देतां?" आक्षेप योग्य आहे व त्याचें उत्तरहि त्याच परंपरेंत आहे. कोंकणांतील नांदगांवचा गणेश दैवज्ञ यानें १५४५ मध्यें लीलावतीवर "बुद्धिविलासिनी" नांवाची टीका लिहिली, आणि तींत भास्कराचार्याच्या सूत्रांच्या उपपत्ति दिल्या. ज्या काळीं कागद दुर्मिळ व छापखाने नव्हते, त्या काळीं सूत्र मुखोद्गत असणें अवश्यच होतें. पण सूत्राच्या शेजारीं उपपत्ति ठेवल्यावांचून विद्या पुरी होत नाहीं, हेंहि त्या लोकांनीं ओळखिलें होतें. आज कागद विपुल आहे, पुस्तकें घरोघर आहेत, आणि आपण मात्र त्या जोडींतून अर्धीच वस्तु उचलली आहे.

आतां वाक्याच्या उत्तरार्धाकडे वळूं. कारण खरा घात तेथें होतो. पुढील उदाहरण पहावें :

(क्ष² − ९)/(क्ष² + ५क्ष) ÷ (क्ष + ३)/क्ष

भाजक उलटून मांडला आणि अंशाशीं अंश व छेदाशीं छेद गुणून टाकला, तर वर क्ष³ − ९क्ष आणि खालीं क्ष³ + ८क्ष² + १५क्ष असें येतें. गुणाकारांत चूक नाहीं. पण पुढें काय करावें हें सुचत नाहीं, आणि मग हात शिवशिवतो व सारखीं दिसणारीं पदें छाटलीं जातात. याउलट, गुणण्यापूर्वी अवयव पाडले तर पहिला अंश (क्ष − ३)(क्ष + ३) होतो व पहिला छेद क्ष(क्ष + ५) होतो. आतां भाजक उलटून मांडतांच (क्ष + ३) हा अवयव वर एकदां व खालीं एकदां दिसतो. क्ष हाहि तसाच दिसतो. ते दोन्ही काढून टाकले कीं (क्ष − ३)/(क्ष + ५) एवढेंच उरतें. आधीं अवयव, मग संक्षेप, आणि गुणाकार सर्वांच्या शेवटीं, हा क्रम केवळ श्रम वांचविण्यासाठीं नाहीं. काय छाटतां येतें व काय येत नाहीं, हें त्या क्रमानेंच डोळ्यांस दिसतें.

येथें थांबावयाचें असतें. पण पुष्कळ विद्यार्थी थांबत नाहींत. (क्ष − ३)/(क्ष + ५) यांतील वरचा व खालचा क्ष छाटून ते −३/५ असें उत्तर लिहितात. "वर-खालीं सारखें दिसेल तें छाटा" असेंच त्यांस सांगितलेलें असतें. मग दोष एकट्या त्यांचा कसा? वास्तविक छाटणें याचा अर्थ अंश व छेद या दोहोंस एकाच शून्येतर राशीनें भागणें. जो राशि संपूर्ण अंशाचा व संपूर्ण छेदाचा अवयव असेल, म्हणजे गुणाकारानें जोडलेला असेल, तोच काढतां येतो; बेरजेनें वा वजाबाकीनें जोडलेलें पद काढतां येत नाहीं. हें समजण्यास बीजगणिताचीहि गरज नाहीं. १३/१५ हा अपूर्णांक (१० + ३)/(१० + ५) असा लिहून दोन्हीकडील दहा छाटा; ३/५ उरेल, म्हणजे ९/१५. पंधरांतले तेरा आणि पंधरांतले नऊ हे सारखे नाहींत, हें पांचवींतील मूलहि सांगेल.

या चुकींत एक मौज आहे. (क्ष − ३)/(क्ष + ५) यांतील क्ष छाटणाऱ्यानें नकळत क्ष च्या जागीं शून्य मांडलेलें असतें. क्ष शून्य असला तरच ही राशि −३/५ होते. आणि मूळ उदाहरणांत क्ष ला शून्य मानण्याची तर मुळींच परवानगी नाहीं, कारण तेथें दोन्ही छेद शून्य होतात! म्हणजे जी एक किंमत घेण्यास बंदी, तीच घेऊन त्यानें उत्तर लिहिलें.

यावरून तिसऱ्या व सर्वांत दुर्लक्षित गोष्टीकडे येतों : निषिद्ध किंमती. वरील उदाहरणांत क्ष ही संख्या ०, −५ किंवा −३ असूं शकत नाहीं. शून्य व −५ यांचें कारण उघड आहे. त्यांनीं छेद शून्य होतो. पण −३ चें काय? −३ घातल्यास दिलेल्या दोन अपूर्णांकांपैकीं एकाचाहि छेद शून्य होत नाहीं. तथापि भाजक (क्ष + ३)/क्ष हा स्वतःच शून्य होतो, आणि शून्यानें भागतां येत नाहीं. म्हणून भागाकाराच्या उदाहरणांत दोन छेदांकडे पाहून भागत नाहीं. भाजकाच्या अंशाकडेहि पहावें लागतें. जो अंश उलटल्यावर खालीं जाणार आहे त्याची चौकशी तो वर असतांनाच करावी. संक्षिप्त उत्तरांत या तीन किंमतींपैकीं एकटी −५ च दिसते. ० व −३ या दोन किंमतींचा तेथें मागमूसहि राहत नाहीं, आणि त्या घालून पाहिल्यास −३/५ व −३ अशीं सरळ साधीं उत्तरें मिळतात. म्हणून निषिद्ध किंमती आरंभींच लिहून ठेवणें हाच सुरक्षित मार्ग होय.

शून्यानें भागण्याचा प्रश्न थोरामोठ्यांसहि अवघड वाटला आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. ब्रह्मगुप्तानें शून्यास शून्यानें भागल्यास शून्यच येतें असें म्हटलें. भास्कराचार्यानें शून्यानें भागलेल्या राशीस "खहर" असें नांव देऊन ती अनंत मानली. आजचें गणित असा भागाकार मानीतच नाहीं, आणि त्याचें कारण साधें आहे. सहांस शून्यानें भागून जें उत्तर येईल त्यास शून्यानें गुणल्यास परत सहा आले पाहिजेत. तें कधींच घडत नाहीं. शून्यास शून्यानें भागावें तर सातहि चालतात, आठहि चालतात. एक ठाम उत्तर मिळत नाहीं. ज्या प्रश्नास एकहि उत्तर नाहीं किंवा वाटेल तें उत्तर आहे तो प्रश्न गणितांत विचारला गेलाच नाहीं असें समजतात.

येथवर वाचून कित्येक पालक म्हणतील, "हें सारें खरें, पण परीक्षेंत वेळ थोडा असतो, गुण उत्तरास मिळतात, आणि एवढ्या खोल पाण्यांत मुलांस नेण्याचें कारण काय?" या म्हणण्याची मी उपेक्षा करीत नाहीं. कृति हातांत बसली पाहिजे, सरावानें ती वेगानें झाली पाहिजे, हें मलाहि मान्य आहे. ज्यास प्रत्येक वेळीं उपपत्तीपासून आरंभ करावा लागेल त्याचा पेपर पुरा व्हावयाचा नाहीं. पण समजून घेतल्यावर यांत्रिक झालेली कृति आणि न समजतांच यंत्रासारखी केलेली कृति या भिन्न आहेत. वाळूवर बांधलेल्या व खडकावर बांधलेल्या घरांचा दृष्टान्त आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पाऊस येईपर्यंत दोन्ही घरें सारखींच दिसतात. पाठ केलेल्या नियमावर नववीची परीक्षा पार पडते. पुढें समीकरणें, त्रिकोणमिति व कलनशास्त्र हीं आलीं म्हणजे तोच अपूर्णांक नव्या वेषांत पुढें उभा राहतो आणि भिंत खचूं लागते. तेव्हां मूल म्हणतें, "मला गणित येत नाहीं." त्यास गणित येत नव्हतें असें नव्हे, त्यास गणित दिलेंच गेलें नव्हतें.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असें मात्र नाहीं. लिपिंग मा या विदुषीनें १९९९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अमेरिकेंतील २३ व चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांस विचारलेल्या कांहीं प्रश्नांची हकीकत आहे. पावणेदोनास अर्ध्यानें भागा, आणि या भागाकारास शोभेल अशी एक व्यवहारांतील गोष्ट रचून सांगा, असा त्यांतील एक प्रश्न होता. चिनी शिक्षकांपैकीं सर्वांनीं भागाकार बरोबर केला व ६५ जणांनीं योग्य गोष्ट रचली. अमेरिकन शिक्षकांपैकीं भागाकार पुरा व बरोबर करणारे ९ निघाले आणि योग्य अर्थाची गोष्ट एकट्यालाच साधली. इतक्या थोड्या माणसांवरून कोणत्याहि राष्ट्राची पारख करूं नये. पण बोध घेण्यासारखा आहे. पावणेदोन मीटर कापडांतून अर्ध्या-अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील, असें विचारलें तर उत्तर साडेतीन येतें आणि तोच खरा भागाकार. तेंच कापड दोघांत वाटलें अशी गोष्ट सांगितली तर तो दोहोंनीं केलेला भागाकार झाला, अर्ध्यानें केलेला नव्हे. ज्यास हा भेद कोणीं दाखविला नाहीं तो शिक्षक झाल्यावर दुसऱ्यास कसा दाखविणार? न सांगितलेलें कारण अशा रीतीनें एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे न सांगितलेलेंच जातें. ही सांखळी कोठें तरी तुटली पाहिजे, आणि ती तोडण्यास शाळेच्या वर्गाइतकी योग्य जागा दुसरी नाहीं.

यास्तव माझ्या सूचना थोडक्यांत अशा आहेत. शिक्षकांनीं प्रश्नपत्रिकेंत भागाकाराच्या उदाहरणाबरोबर "भाजक कां उलटला?" आणि "अव्यक्ताच्या कोणत्या किंमती चालणार नाहींत?" हे प्रश्न विचारावे व त्यांस गुण ठेवावे. ज्यास गुण नाहींत तें मुलें शिकत नाहींत, हें कटु असलें तरी सत्य आहे. विद्यार्थ्यांनीं "छाटणें" हा शब्दच जपून वापरावा, आणि रेघ मारण्यापूर्वी मनाशीं विचारावें : हा अवयव आहे कीं पद आहे?

पालकांनीं काय करावें? पुष्कळांस आपलें बीजगणित आठवत नसेल. त्याची अडचण नाहीं. मुलाजवळ बसून एवढेंच म्हणावें, "बाळ, क्ष च्या जागीं एक घालून दाखव पाहूं." वरील उदाहरणांत एक घातल्यास पहिला अपूर्णांक −८/६ व भाजक ४ होतो; भागाकार −१/३ येतो. उत्तर (क्ष − ३)/(क्ष + ५) यांतहि एक घातल्यास −२/६, म्हणजे −१/३ च येतो. पण −३/५ लिहिणाऱ्याचें उत्तर मात्र येथें जुळत नाहीं. एका संख्येनें जुळलें म्हणजे उत्तर सिद्ध झालें असें नव्हे. पण न जुळलें तर तें चुकलें हें निश्चित समजावें. आपलें काम आपणच तपासून पाहण्याची संवय लागली म्हणजे मूल उत्तरासाठीं पुस्तकाच्या शेवटच्या पानांकडे धांव घेत नाहीं, आणि शेजाऱ्याच्या वहीकडेहि पाहत नाहीं. गणितानें लागणारी ही संवय मला त्याच्या गुणांहूनहि मोलाची वाटते.

शेवटीं वाचकांसाठीं एक उदाहरण ठेवून लेख पुरा करतों :

(क्ष² − ९)/(क्ष² − ५क्ष + ६) ÷ (क्ष² + ५क्ष + ६)/(क्ष² − ४)

अवयव पाडून मांडलें असतां वरचे चारहि अवयव खालच्या चारांशीं जुळून निघून जातात. सर्व निघून गेलें म्हणून कोणी उत्तर शून्य लिहितील. तें शून्य नव्हे, एक होय, कारण कोणत्याहि राशीस तिनेंच भागल्यास एक येतो. पण क्ष च्या चार किंमती अशा आहेत कीं, तेथें हें एक म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. त्यांपैकीं तीन दिलेल्या छेदांवरून सहज सांपडतील. चौथी शोधतांना छेदांकडे कितीहि पाहिलें तरी ती दिसणार नाहीं. ती कोठें पहावी हें वर सांगितलेंच आहे. घरीं आईवडिलांसमवेत बसून ती शोधावी, आणि ती निषिद्ध कां, हें त्यांस आपल्या शब्दांत समजावून द्यावें.